पाथरीला तण म्हणण्याआधी

अगं धाकटे,

काल रात्री फोनवर तू घाईत होतीस. मागं कालवड हंबरत होती आणि तू एका दमात विचारलंस, "ताई, घासात नुसती पाथरी झालीय. घरचे म्हणतात, दुकानातून 2,4-डी आणून मारून टाकू. मारू का?" मी "थांब, उद्या सांगते" एवढंच म्हणाले. ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यासारखी नाही. म्हणून आज सकाळची धार उरकली, दूध डेअरीला घातलं आणि तुझ्यासाठी निवांत बसलेय.

आधी उत्तर देते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. मारू नकोस. निदान तू ज्या औषधाचं नाव घेतलंस ते तर अजिबात नको. 2,4-डी रुंद पानाच्या तणावर चालतं, म्हणून इकडं उसात आणि मक्यात ते मारतात. ऊस आणि मका गवताच्या जातीचे, त्यांना ते सोसतं. पण तुझा लसूणघासही रुंद पानाचाच आहे गं. पाथरी मरेल आणि तिच्याबरोबर घासही जळून जाईल. दुकानदाराला तू "तणाचं औषध द्या" म्हणालीस तर तो तणाचं औषध देईल. पीक कोणतं आहे ते आपणच आधी सांगायचं असतं.

आता पाथरीचं. तुला आठवतं का, आई खुरपायला जायची तेव्हा तिच्या ओट्यात दोन वेगळ्या गोष्टी असायच्या? एका बाजूला शेळीसाठी ओरबाडलेलं गवत आणि दुसऱ्या बाजूला निवडून घेतलेली कोवळी पाथरी. दुपारी बांधावर भाकरी सोडली की ती पाथरी पाण्यात खळखळून धुवायची आणि कच्चीच खायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ती कडसर पानं. आपण तोंड वाकडं करायचो. आज मला त्या कडू चवीची आठवण येते आणि भाकरी बांधताना मीच आता पाथरी शोधते. म्हणजे बघ, एकच रोप आईच्या हातात तीन ठिकाणी जायचं. सरीतलं उपटायचं, कारण ते पिकाचं पाणी खातं. जून झालेलं शेळीला द्यायचं. आणि कोवळं आपल्या भाकरीवर घ्यायचं. आईनं पाथरीला कधी तण म्हटलं नाही आणि कधी सरीत राहूही दिलं नाही.

उद्या सकाळी वाफ्यात गेलीस की एक पाथरी जवळून बघ. उकिडवी बस. पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली, कडा करवतीसारख्या कातरलेल्या. पान तोड, देठातून पांढरा चीक येईल. मधून बारीक दांडे वर आलेले, टोकाला पिवळं फूल. ते फूल वाळलं की पांढऱ्या म्हाताऱ्या होऊन वाऱ्यावर उडतात, लहानपणी आपण फुंकायचो तसल्या. खाली मूळ बरंच खोल असतं. वरून कापली तरी पुन्हा फुटते ती त्या मुळाच्या जोरावर.

हिची एक लांबची बहीण परदेशात आहे, तिची गोष्ट सांगते, कारण तिच्यावरून मला आपला घास नीट कळला. युरोप-अमेरिकेत कुरणात डँडेलियन नावाचं रोप माजतं. तीच पिवळी फुलं, तोच चीक, तसंच कातरलेलं पान. तिचं नाव फ्रेंचांच्या 'सिंहाचा दात' या शब्दांवरून पडलं, ते पानाच्या कडांवरूनच. दोघीही सूर्यफुलाच्या कुळातल्या. तिकडचे लोक घरापुढच्या हिरवळीतून तिला हुसकावायला औषधं मारतात आणि तिकडच्याच गाई-मेंढ्या कुरणात ती आवडीनं खातात. तिचं मूळ खोल जातं आणि पानात खनिजं चांगली असतात. थंडी सरताना मधमाश्यांना लवकर मिळणारा चारा तीही देते. आणि आपल्याच देशात, काश्मीरमध्ये, तिला हंद म्हणतात. तिथं तिची भाजी करतात आणि बाळंतिणीला मुद्दाम खाऊ घालतात.

पण मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. डँडेलियन दाट कुरणात फारशी शिरत नाही. जनावरांनी मुळापर्यंत खाल्लेलं, तुडवलेलं, विरळ झालेलं कुरण असलं की मधल्या उघड्या जागेत ती बसते. म्हणजे ती आली म्हणून कुरण बिघडलं असं नसतं. कुरण बिघडलं म्हणून ती आली.

आता तुझ्या घासाकडं बघ. किती वर्षांचा झाला? तिसरं वर्ष चालू असेल तर तो विरळ होणारच. तू कापतेस कशी? विळा अगदी मातीला टेकवून कापत असशील तर चूक तिथं आहे. चार बोटं सोडून काप. दर वेळी फुलाच्या आधीच कापलास तर मुळात साठा राहत नाही, म्हणून अधूनमधून एखादी कापणी थोडा फुलोरा दिसल्यावर कर. वाफ्यात पाणी तुंबत असेल तर घासाचं मूळ कुजतं आणि तिथंच टक्कल पडतं. त्या टकलात बी टाकून पुन्हा दाट कर, शेणखत आणि स्फुरद दे. घास दाट झाला की पाथरी आपोआप कडेला सरकते. तोवर ती घासाबरोबर कापली जाऊ दे आणि गव्हाणीत जाऊ दे. गाय ती बाजूला टाकत नाही, मी रोज बघते.

मात्र घासात एक जण असा आहे की त्याला क्षणभरही ठेवायचं नाही. अमरवेल. पिवळसर, दोऱ्यासारखी, पान नसलेली. घासाच्या देठाला वेटोळे घालते आणि त्याचाच रस पिऊन जगते. बहुतेक वेळा ती घासाच्या बियाण्यातून येते, म्हणून बी खात्रीचं आणि प्रमाणित घ्यायचं. एक ठिपका दिसला तरी तेवढा पट्टा घासासकट जमिनीलगत कापायचा आणि बांधाबाहेर नेऊन जाळायचा. तिचा तुटलेला तुकडाही दुसऱ्या रोपाला धरतो, म्हणून कापलेलं वाफ्यावरून ओढत नेऊ नकोस, पोत्यात भर. तू पाथरीमुळं घाबरलीस, पण घाबरायचं असेल तर हिला घाबर.

एक समज मात्र काढून टाक. तुझ्या आत्याबाई म्हणाल्या ना, पाथरीत चीक असतो म्हणून दूध वाढतं? त्यांना उलटून बोलू नकोस, पण हिशेब समजून घे. दूध वाढतं पोटभर वैरणीनं, पाण्यानं, पेंडीनं आणि गाईच्या आरामानं. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं. डोक्यावर वीस किलोचा भारा आणलास तर त्यात खरा कोरडा चारा साधारण चारच किलो. संकरित गाईला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा चारा पोटात जावा लागतो. म्हणजे नुसत्या बांधाच्या गवतावर ती तगेल, पण दूध देणार नाही. बांध हा आधार आहे, त्याच्या जोडीला मका, घास, कडबा आणि पेंड लागणारच. आणि कोवळं हिरवंच फार दिलंस तर डेअरीत फॅट खाली येतं, कारण रवंथ करायला चोथा लागतो. कडबा कुट्टी करून त्यात हिरवं मिसळ.

आता माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगते, आजवर कुणाला फारशी सांगितली नाही. लग्नानंतर तिसरं वर्ष असेल. पावसाची उघडीप होती आणि शेजारच्या रानाच्या बांधावर गुडघाभर गवत उभं होतं. हिरवंगार. मी भारा बांधून आणला आणि गाभण गाईपुढं टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं गव्हाणीत तोंड घातलं नाही. तिसऱ्या दिवशी रवंथ बंद. तुझे दाजी डॉक्टरांना घेऊन आले, तेव्हा विचारपूस करता करता कळलं की मी भारा आणायच्या दोन दिवस आधी त्या बांधावर फवारणी झाली होती. गाय वाचली, पण त्या तीन रात्री मी गोठ्यातच बसून काढल्या. तिच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं. मीच दिलं होतं ना तिला.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की मनात बसली. तणनाशक मारलेलं गवत लगेच मेलेलं दिसत नाही. ग्लायफोसेट मारलं तर आठवडाभरसुद्धा ते हिरवं राहतं, मग पिवळं पडायला लागतं. नजरेनं ते ओळखता येत नाही, विचारूनच कळतं. म्हणून मी दोन नियम केलेत. आपल्या रानात काही फवारलं की बांधाच्या दोन्ही टोकांना काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायची, आणि डब्यावर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय ती काढायची नाही. आणि दुसऱ्याच्या बांधावर विळा घालायच्या आधी मालकाला विचारायचं. तू हे तुझ्या आळीतल्या चार जणींना सांग. चिंधी बघितली की शेळ्या राखणारं पोरही थांबतं.

यात आपल्यापेक्षा जास्त कुणाचं जातं, तेही सांगते. आपल्याकडं खुरपायला ज्या बाया येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींना गुंठाभरसुद्धा रान नाही. संध्याकाळी त्या रोजाचे पैसे घेतात आणि डोक्यावर खुरपलेल्या गवताचा भारा नेतात. त्या भाऱ्यावर घरची शेळी जगते आणि त्या शेळीवर पोराची वही-पुस्तकं येतात. सगळं रान आणि सगळे बांध औषधानं साफ केले की त्यांचा रोज जातो आणि भाराही जातो. मी सगळ्याच फवारणीच्या विरोधात नाही गं. ऊस लहान असताना लव्हाळा आणि हराळी कशी अंगावर येतात ते मला माहीत आहे, आणि मजूर मिळत नाहीत हेही खरं आहे. पण सरीत मारायला लागलं म्हणून बांधावर मारायचं कारण नाही. बांध मोकळा ठेव. हराळी उसात वैरीण असली तरी बांधावर ती माती धरून ठेवते, गाईला तिच्यासारखं गोड गवत नाही, आणि भाद्रपदात गणपतीच्या दूर्वाही तिच्याच.

आता बांधावरच्या बाकीच्यांचं. सगळंच पाथरीसारखं गरीब नाही.

काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत, ओळखतेसच. त्याचं पान गाजरासारखं दिसतं आणि कोवळेपणी ते इतर गवतात सहज लपतं. ते आपल्या देशात पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते आपल्याच पुण्यात, 1950 च्या दशकात, आणि आता देशभर पसरलंय. भाऱ्यातून ते गाईच्या पोटात गेलं तर दुधाला कडवट चव येते, आणि उपटणाऱ्याच्या हाताला, मानेला खाज उठते. एकेका रोपाला हजारो बिया लागतात. म्हणून पाऊस पडून माती मऊ झाली की, फूल यायच्या आधी, मुळासकट उपट. हातात मोजे घाल, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी तरी गुंडाळ. फुलाआधीचं खड्ड्यात टाकून खत होतं, फुलावर आलेलं टाकू नकोस, त्याचं बी शेणखतातून पुन्हा रानात येतं. पावसाळ्यात त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नकोस. ते मेक्सिकोतले, 1984 मध्ये बंगळूरला सोडलेले, पानं खाऊन त्याला चाळण करतात.

घोळ आणि काटेमाठ हे चांगले, पण मापात. त्यांच्यात ऑक्झॅलेट असतं आणि ते अंगातल्या कॅल्शियमला धरून बसतं. इथं मला आपल्या उसाच्या पट्ट्यातली मोठी गोष्ट सांगायची आहे. कारखाना सुरू झाला की फडातून वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, मिळायला लागतं. आमच्या सोमेश्वरनगरला कारखाना दाराशीच, म्हणून दिवाळीनंतर रस्त्यानं वाढ्याचे भारेच भारे. स्वस्त पडतं, तोडीवाल्या बायांना चार पैसे मिळतात, गाईही खाते. मग माणूस तीन-चार महिने दुसरं काही आणतच नाही. पण वाढ्यातही तेच ऑक्झॅलेट असतं. दूध देणाऱ्या गाईचं कॅल्शियम आधीच दुधातून जातं, उरलेलं हे धरून बसतं. मग व्यायल्यावर गाय बसते ती उठत नाही. तुझ्याकडंही गाळप सुरू झालं की वाढं येईलच. तेव्हा वाढं निम्म्यावर ठेव, कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपड, खनिज मिश्रण रोज दे आणि जोडीला घास आणि मका ठेव. आणि वाढ्याच्या दिवसांत घोळ-माठाचा भारा देऊ नकोस, एकावर एक व्हायला नको.

ज्वारीचं तर मी तुला शपथ घालून सांगेन. ज्वारी कापल्यावर बुडख्यातून जे कोवळे फुटवे येतात, किंवा पाणी न मिळाल्यानं गुडघ्याएवढीच खुरटलेली ज्वारी असते, ती दिसायला सगळ्यात कोवळी आणि हिरवी. तिच्यात विष तयार होतं, त्याला किरळ लागणं म्हणतात. जनावर तासाभरातसुद्धा जातं. पीक फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी ज्वारी द्यायचीच नाही. कालवड दावं तोडून तिकडं जात नाही ना, हे संध्याकाळी बघत जा.

आणि घासाची पोटफुगी. सकाळी दवानं ओला असलेला घास रिकाम्या पोटी भरपूर खाल्ला तर गाईची डावी कूस ढोलासारखी फुगते. आधी थोडा कडबा, मग सुकवलेला घास. कूस फुगली तर घरगुती उपायात वेळ घालवू नकोस, डॉक्टरांना फोन लाव.

पाण्याचंही एक सांगते. तुझ्या रानात येणारं पाणी नीरा डाव्या कालव्याचं, म्हणजे माझ्या दारावरूनच खाली जातं. मला पाळी आधी मिळते, तुला शेवटी, आणि वरच्या सगळ्या रानांतल्या बिया तुझ्या चारीत उतरतात. म्हणून पाणी घेताना चारीच्या तोंडाशी तरंगून आलेला कचरा हातानं काढ. कालव्याच्या कडेला पाण्यात उभं असलेलं गवत कापू नकोस, तिथल्या गोगलगाईंमुळं जनावराच्या यकृतात चपटे जंत होतात. कापायचंच तर पाण्याच्या वरचं काप, उन्हात सुकव आणि डॉक्टर सांगतील तेव्हा जंताचं औषध पाज. पाथरी जमिनीला चिकटून वाढते, तिच्या पानांत माती फार असते. भारा झटकून, शक्य तर एकदा पाण्यातून काढून गव्हाणीत टाक. आणि कुठलाही नवा चारा एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढव.

हे सगळं एका दिवसात लक्षात राहणार नाही, मला माहीत आहे. म्हणून उद्यापासून एकच कर. भारा आणलास की गोठ्याच्या दारात सोड आणि तीन ढीग कर. पहिला, बिनधास्त द्यायचा: हराळी, पाथरी, बांधाचं साधं गवत. दुसरा, थोडाच द्यायचा: घोळ, काटेमाठ. तिसरा, गव्हाणीत कधीच न जाणारा: काँग्रेस, आणि ज्याचं नाव तुला येत नाही ते प्रत्येक रोप. पहिला आठवडा अर्धा तास जाईल. पुढं विळ्याबरोबरच हात निवड करायला लागतो, आईचा करायचा तसा.

तू त्या घरात नवी आहेस. गोठा तुझ्याकडं आलाय, पण औषधाचा निर्णय अजून दुसरेच घेतात. घरच्यांशी भांडू नकोस. त्यांना सकाळी वाफ्यावर घेऊन जा, घासाचं टक्कल दाखव, पाथरी दाखव, आणि म्हण की मला दोन कापण्या द्या, दाट करून दाखवते. एक वाफा तुझ्या पद्धतीनं करून बघायला कुणी नाही म्हणणार नाही. डेअरीच्या पावत्या जपून ठेव. बोलताना त्या पुढं करता येतात.

श्रावणात करंजेच्या सोमेश्वराला येशीलच. सोमवारी दर्शन झालं की माझ्याकडं थांब. पाऊस झालेला असेल, बांध भरलेला असेल. आपण दोघी विळे घेऊन जाऊ आणि एकेक रोप हातात घेऊन बघू. दुपारी बांधावरच भाकरी सोडू, कोवळी पाथरी खळखळून धुऊ.

तोवर त्या तिसऱ्या ढिगातलं, नाव न येणारं जे असेल, त्याचा फोटो मला रोज पाठव. मी ओळखीन, नाही ओळखता आलं तर डॉक्टरांना विचारीन. फोटो आला नाही तर मीच फोन करीन.

तुझी,
ताई